दिसणे आणि वाजणे

वाद्यांच्या दुकानात शिरलेला माणूस आधी ऐकत नाही, आधी बघतो. हे साहजिकच आहे. भिंतीवर ओळीने इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या असतात. कुणी लाल, कुणी काळी, कुणी सोनेरी. कुणाला शिंगांसारखी टोके, कुणावर ज्वाळांची चित्रे. त्या क्षणी त्यांतली एकही वाजत नसते. हल्ली तर दुकानात जाण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर फोटो बघायचा, बोट टेकवायचे, चार दिवसांत खोके दारात. ज्या वस्तूचे सारे प्रयोजन आवाज हे आहे, ती वस्तू आपण आवाज न ऐकता, हातात न घेता, केवळ रूपावर घेतो. वरवर पाहता ही खरेदीची बाब आहे. पण मला तिच्यात एक जुना नैतिक प्रश्न दिसतो. एखाद्या गोष्टीची पारख कशाने करावी, आणि ती करायला किती वेळ द्यावा?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. नोकरीला लागून वर्षभर झाल्यावर त्याने साठवलेल्या पैशांतून गिटार घ्यायचे ठरवले आणि मला मोबाइलवर दोन फोटो दाखवले. "सर, कौनसी अच्छी दिखती?" असे त्याने विचारले. मला गिटार वाजवता येत नाही. पण मी भाषा शिकवतो, त्यामुळे त्याच्या वाक्यातले क्रियापद माझ्या कानाला लागले. त्याने 'कोणती चांगली वाजते' असे विचारले नव्हते.

संगीत जायज की नाजायज, हा वाद या लेखाचा विषय नाही. त्याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि माझ्यासारख्याने त्यात निकाल देण्याचे कारण नाही. एवढेच म्हणतो की 'गिटार' या नावाचा प्रवास आपल्याला परका नाही. अरबीतल्या 'कीसारा' आणि ग्रीकमधल्या 'किथारा' या शब्दांशी त्याचे नाते आहे. इ.स. ८२२ मध्ये बगदादहून निघालेला जिर्याब कुर्तुब्यास पोहोचला. उदला पाचवी तार जोडण्याचे आणि लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरण्याचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. 'जिर्याब' म्हणजे काळा पक्षी. सावळा वर्ण आणि गोड गळा, यावरून लोकांनी हे नाव ठेवले असे सांगतात. बघणाऱ्यांनी रंग पाहिला, ऐकणाऱ्यांनी गळा ऐकला, आणि एकाच नावात दोन्ही राहिले.

आता मूळ वस्तूकडे वळू. इलेक्ट्रिक गिटारीत आवाज कसा निर्माण होतो? तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांत अतिशय क्षीण वीजप्रवाह उमटतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत नेला की आवाज ऐकू येतो. १८३१ मध्ये फॅरडेने शोधलेले तत्त्व ते हेच. लाकडामुळे आवाजात किती फरक पडतो याविषयी जाणकारांत आजही वाद आहे. पण रंगाविषयी वाद नाही. गिटार लाल आहे की निळी, हे त्या चुंबकाला कळत नाही.

चुंबकाला न कळणारी ही गोष्ट माणसाला मात्र फार महत्त्वाची वाटते. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणलेली इलेक्ट्रिक गिटार ॲल्युमिनियमची होती. गोल पोट आणि लांब दांडा असल्याने लोक तिला 'तळणाचा तवा' म्हणू लागले. पुढे १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून एक वाद्य तयार केले. ओंडका भरीव असल्याने पोकळ गिटारीसारखा तो स्पीकरच्या आवाजाने घुमत नसे. स्वर स्वच्छ आणि लांबपर्यंत टिके. पण लोकांसमोर वाजवल्यावर कुणी फारशी दाद दिली नाही. मग त्याने एका जुन्या गिटारीचे पोट मधोमध कापून त्याचे दोन भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. आवाजाच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग नव्हता. तरीही आता ते वाद्य गिटारीसारखे दिसू लागले आणि लोकांना आवडू लागले. ज्या कंपनीने सुरुवातीला त्याची कल्पना हसण्यावारी नेली, त्याच गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली.

डोळे कानांच्या कामात किती ढवळाढवळ करतात, याचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने संगीतस्पर्धांतील अंतिम फेरीच्या वादकांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दिल्या. काहींना फक्त आवाज, काहींना फक्त मूक चित्र, काहींना दोन्ही. विजेता ओळखायचा होता. आवाजच सर्वांत महत्त्वाचा, असे बहुतेकांनी सांगितले. प्रत्यक्षात मूक चित्र बघणाऱ्यांनाच विजेता अधिक अचूक ओळखता आला, आणि व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. पुढच्या अभ्यासांनी या निष्कर्षाला मर्यादा घातल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. तरीही आपण ज्याला ऐकणे म्हणतो त्यात बघणे मिसळलेले असते, ही शंका काही पुसली जात नाही.

आवाजाच्या जोडीला दुसरी कसोटी स्पर्शाची. वाद्य हातात कसे बसते? फेंडर गिटारीच्या तारेची लांबी साधारण साडेपंचवीस इंच, तर गिब्सनची पाऊण इंचाने कमी. फरक एवढासा वाटतो, पण त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली तर लांब गिटारीवर ती अधिक ताणली जाते आणि बोटाला अधिक जोर लावावा लागतो. मान जाड की पातळ, तारा किती उंचावर, वजन साडेतीन किलो की साडेचार, यांतले काहीही फोटोत दिसत नाही. लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, तो वाजवणाऱ्यांचे ऐकून घेत असे. त्याच्या पहिल्या गिटारीची कड बरगड्यांत रुतते, अशी वादकांची तक्रार होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्याने ती कड उतरती केली आणि पाठीमागे अंगाला बसेल असा खोलगट भाग कापला. आज जगभर देखणी मानली जाणारी ती आकृती बऱ्याच अंशी बरगड्यांच्या दुखण्यातून आली आहे.

स्पर्शाची कसोटी प्रत्येकाची वेगळी असते. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये कारखान्यातील यंत्रात गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले आणि बँजोच्या हलक्या तारा गिटारीला लावल्या. पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा उतरवल्याही. त्यातून आलेला जड, खर्जातला आवाज पुढे एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख ठरला. त्याच्या हाताला जी गिटार योग्य, ती तुमच्या हाताला नसेल. आपल्याकडे खुशनवीस बोरूचे टोक स्वतःच्या हाताने कापतो. दुसऱ्याच्या कलमाने अक्षर उतरत नाही, हे उर्दू लिहायला शिकलेल्याला सांगावे लागत नाही. घरातल्या बाईचे लाटणेही असेच असते. नवे आणि गुळगुळीत लाटणे दिले, तरी तिचा हात जुन्याकडेच जातो.

येथे कुणी विचारील, मग सौंदर्याला काही किंमतच नाही का? आहे. जी वस्तू डोळ्यांना आवडते ती हातात घ्यावीशी वाटते, आणि रोज हातात घेतल्याशिवाय कुणाला वाजवता येत नाही. गिब्सनने १९५८ मध्ये बाणाच्या टोकासारखी 'फ्लाइंग व्ही' काढली. बसून वाजवायला ती अवघड, आणि सुरुवातीला फारच थोड्या विकल्या गेल्या. पण अल्बर्ट किंग या ब्लूज वादकाने तीच निवडली, डावखुऱ्या हाताने उलटी धरली आणि आयुष्यभर तिच्यावर उत्तम संगीत दिले. तेव्हा देखणी गिटार म्हणजे वाईट गिटार, असा नियम करता येणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. मिरजेचे उदाहरण घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंबोरे घडवायला सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या तंबोऱ्यांवर नक्षी असते, वेलबुट्टी असते, आणि ती सुंदरही असते. पण अखेरचे काम जवारीचे. कारागीर घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तेथे डोळ्यांचे काही चालत नाही. जवारी खुलली नाही, तर नक्षी कितीही असो, तंबोरा पुरा झाला असे तो म्हणणार नाही.

रूपाचा आणखी एक डाव आहे आणि तो अधिक कावेबाज आहे. आयर्लंडच्या रोरी गॅलहर याने १९६३ मध्ये एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर घेतली. तीस वर्षे घाम आणि हात लागून तिचा रंग जवळजवळ सगळा उडाला, लाकूड उघडे पडले. लोकांना ती झीज आवडू लागली. १९९५ पासून फेंडर कंपनी नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम झिजवून, रंग खरवडून, धातूला गंज आणून विकू लागली. आणि त्या नव्या गिटारीपेक्षा महाग असतात! म्हणजे 'मी रूपाला किंमत देत नाही' हेसुद्धा एक रूप झाले आणि तेही विकत मिळू लागले. आपल्या धार्मिक शब्दसंपत्तीत याला नेमका शब्द आहे: रिया. लोकांनी पाहावे म्हणून केलेली इबादत. रिया फक्त भपक्यात असते असे नाही. मुद्दाम ठेवलेल्या साधेपणातही ती असू शकते. ठिगळ लावलेला कुर्ता गरिबीने आला की आरशासमोर निवडला, हे बाहेरून कळत नाही. ते निय्यतीत असते. म्हणून 'देखणी नको' असे ठरवून कुरूप गिटार घेणाऱ्यानेही आवाजाची निवड केली असे होत नाही. त्यानेही डोळ्यांनीच निवड केली, फक्त उलट्या बाजूने.

यावर उलटे उदाहरण ब्रायन मे याचे आहे. १९६३ मध्ये विकतची गिटार परवडत नव्हती, म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने घरीच एक बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, त्यातली किड्यांची भोके काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली, आणि तारा सैल-घट्ट करणाऱ्या दांड्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. हीच गिटार पुढे 'क्वीन' या बँडमधून जगभर ऐकली गेली. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. त्या बापलेकांनी साधेपणाचा देखावा केला नाही, श्रीमंतीचाही केला नाही. कसे वाजेल आणि हाताला कसे लागेल, एवढेच पाहिले. आज ती गिटार सुंदर दिसते. पण ते सौंदर्य मागाहून आले.

डोळ्यांना बाजूला ठेवण्याचा सरळ उपाय म्हणजे पडदा. अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांनी १९७० नंतर वादक निवडताना पडद्याआड वाजवायला सांगण्याची पद्धत स्वीकारली. पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरला. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवले आणि सहा व्हायोलिने हाती दिली. तीन नवी, तीन जुन्या इटालियन कारागिरांची. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंबही लावला होता. बहुतेकांनी घरी न्यायला नवे व्हायोलिन निवडले. सर्वांत नापसंत ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. डोळे झाकल्यावर नावाचा दबदबाही झाकला गेला.

येथवर गिटारीची गोष्ट झाली. पण हा प्रश्न मला झोपू देत नाही तो माणसांमुळे. इस्लामच्या अगदी पहिल्या काळात मदिनेत अजान देण्यासाठी कुणाला निवडले गेले, ते आपल्या मुलांना ठाऊक आहे. हजरत बिलाल (रजि.) हबशी वंशाचे, काळ्या वर्णाचे, एकेकाळचे गुलाम. निवड त्यांच्या आवाजासाठी झाली. मक्का जिंकल्यावर काब्याच्या छतावरून त्यांनी अजान दिली, तेव्हा कुरैशांपैकी काहींना ते रुचले नव्हते, असे सीरतग्रंथांत नोंदलेले आहे. त्यांचे डोळे अजून जुन्या हिशेबात होते. आपण ही घटना मिलादच्या भाषणात अभिमानाने सांगतो. आणि घरी येऊन मुलीचा बायोडेटा हातात घेतो, तेव्हा पहिली नजर फोटोवर आणि दुसरी रंगावर जाते. मुलगी काय वाचते, कशावर हसते, संकटात कशी वागते, हे विचारायला आपल्याला फुरसत नसते. 'लड़की ज़रा साँवली है' एवढ्या वाक्यावर घरे परत फिरतात. बिलालांची अजान मान्य करणाऱ्यांनी हे करावे, याचे मला वाईट वाटते.

उलट बाजूने हेच आपल्याही वाट्याला येते. मुलाखतीला गेलेल्या मुलाची दाढी, मुलीचा हिजाब, अर्जावरचे नाव, घर भाड्याने मागताना आडनाव. तोंड उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. या अन्यायाची तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण ज्या तराजूने आपल्याला तोलले म्हणून आपण रडतो, तोच तराजू आपल्या घरात टांगलेला असेल तर तक्रारीचे वजन कमी होते.

आता एक अडचण. डोळ्यांऐवजी कानांवर विसंबावे, असे म्हटले की प्रश्न सुटतो का? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले आंतरशालेय स्पर्धेत मराठीतून बोलायला उभी राहतात. पहिल्याच वाक्यात 'ळ' घसरतो, किंवा 'मी गेली होती' असे एखाद्या मुलाच्या तोंडून निघते, आणि सभागृहात खसखस पिकते. पुढे तो काय म्हणणार होता, त्याने किती वाचले होते, हे कुणी ऐकतच नाही. येथे डोळे निर्दोष आहेत. निकाल कानांनीच दिला. म्हणजे उच्चार हेसुद्धा एक रूपच आहे, कानाला दिसणारे. पडद्याआडही हा अन्याय होऊ शकतो.

म्हणून माझ्या मते खरा भेद डोळे आणि कान यांच्यात नाही. तो घाई आणि ओळख यांच्यात आहे. रूप आपला निकाल एका क्षणात देते, म्हणून ते सोयीचे असते. गिटारीचा आवाज कळायला ती अर्धा तास वाजवावी लागते. तिचा स्पर्श कळायला मनगट दुखेपर्यंत धरावी लागते. नवशिक्याला तर हेही पुरत नाही. त्याचा कानच अजून तयार नसतो, म्हणून तो डोळ्यांचा आधार घेतो. यात त्याचा गुन्हा नाही. पण कान तयार करणे ही त्याची जबाबदारी आहे. पारख जन्माने मिळत नाही. ती तालमीने येते, आणि तालीम म्हणजे दुसऱ्या वस्तूला, दुसऱ्या माणसाला दिलेला वेळ.

अर्थात माणूस वाद्य नव्हे. गिटार माझ्या हाताला बसली नाही तर मी ती परत ठेवू शकतो. तिचा अपमान होत नाही. माणूस माझ्या हातात बसण्यासाठी जन्मलेला नाही. त्याचे मोल मला तो कसा वाटतो यावर ठरत नाही. तरीही जेथे निवड करणे भागच आहे, म्हणजे नोकरी देताना, सोयरीक जुळवताना, इमाम किंवा शिक्षक नेमताना, तेथे त्याचा आपल्यावर एक हक्क आहे. नाकारण्याआधी आपण त्याला पुरते ऐकले असावे. अदल म्हणजे न्याय, हा आपण कोर्टाचा शब्द समजतो. पण तो बैठकीच्या खोलीतही लागू आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की दोन्ही फोटो बाजूला ठेव आणि जेथे गिटारी हातात देतात अशा दुकानात जा. आधी वीज न जोडता वाजव. बसून वाजव, मग उभा राहून. एकच सूर दोन्हींवर छेड आणि तो विरेपर्यंत थांब. मग पाठ फिरव, दुकानदाराला आळीपाळीने वाजवायला सांग आणि कोणती कोणती ते ओळखू नकोस; कोणती पुन्हा ऐकावीशी वाटते ते बघ. दोन्ही सारख्याच आवडल्या तर जी डोळ्यांना बरी वाटेल ती खुशाल घे. एवढे झाल्यावर डोळ्यांनाही बोलू द्यायला हरकत नाही. त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे.